जॉन हॉवर्डसाहेब आणि तुरुंगाच्या दारावरील शब्द

अमका मनुष्य पॅरोलवर सुटून आला, असे बोलणे आता आपल्या खेड्यापाड्यांतूनही कानी पडते. महाराष्ट्राच्या सरकारी कागदांत ह्या सुटीस अभिवचन रजा असे नाव आहे, आणि ते नाव आम्हांस फार योग्य वाटते; कारण पॅरोल हा मूळचा फ्रेंच शब्द असून त्याचा अर्थ शब्द किंवा वचन असाच आहे. लढाईत धरला गेलेला अंमलदार पळून न जाण्याचे वचन देई, आणि त्या एका वचनावर त्यास मोकळे राहू देत. ज्या थोर पुरुषाचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो, तेही एकदा अशाच वचनावर घरी परतले होते. त्यांचे नाव जॉन हॉवर्ड. तुरुंगाच्या कारभारात जे मोठाले शब्द चालतात, त्यांच्या आड खरोखर काय आहे, हे दार उघडून पाहण्यात त्यांनी आपल्या आयुष्याची शेवटली १७ वर्षे वेचली.

हॉवर्डसाहेबांचा जन्म १७२६ साली लंडन शहरालगत झाला. वडील गालिचे व गाद्यागिर्द्यांचे व्यापारी असून त्यांनी धंद्यात बराच पैसा मिळविला होता. मुलगा शाळेत फारसा चमकला नाही. त्यास एका घाऊक किराणा व्यापाऱ्याकडे उमेदवारीस ठेविले. परंतु १७४२ साली वडील वारले, वारसा हाती आला, आणि उरलेल्या उमेदवारीतून त्याने पैसे भरून आपणास सोडवून घेतले. प्रकृती नेहमी नाजूक असे. एका मोठ्या दुखण्यात ज्या विधवा घरमालकिणीने त्यांची शुश्रूषा केली, तिच्याशी, ती वयाने सुमारे दुप्पट असताही, त्यांनी विवाह केला. ती बाई १७५५ साली मरण पावली.

त्याच साली पोर्तुगाल देशाची राजधानी लिस्बन भूकंपाने उद्ध्वस्त झाली होती. तिकडे जाण्यासाठी हॉवर्डसाहेब १७५६ साली जहाजात बसले. इंग्लंड व फ्रान्स ह्यांच्यात वैर पेटलेले असल्यामुळे फ्रेंचांच्या लुटारू जहाजाने त्यांचे जहाज वाटेतच धरले. ब्रेस्ट येथील किल्ल्यात त्यांनी सहा रात्री पेंढ्यावर काढल्या. पुढे त्यांस कारे नावाच्या गावी दोन महिने वचनावर राहू दिले, आणि शेवटी इंग्लंडास जाण्याची परवानगीही वचनावरच मिळाली. बदली एका फ्रेंच अंमलदारास सोडण्याचे इंग्लंडच्या सरकारने मान्य केले तर ठीक, नाहीतर त्यांनी आपल्या पायांनी कैदेत परत यावयाचे, असा तो करार होता. मायदेशी पोहोचल्यावर, अजून त्या वचनाने बांधलेले असतानाच, त्यांनी फ्रान्सच्या तुरुंगांत खितपत मरणाऱ्या इंग्रज खलाशांची हकीकत संबंधित अधिकाऱ्यांस कळविली. त्यांची स्वतःची अदलाबदल नंतर झाली.

ह्यानंतरची काही वर्षे शांततेची गेली. बेडफर्ड परगण्यातील कार्डिंग्टन गावी त्यांची जमीन होती. तेथे त्यांनी कुळांसाठी चांगली घरे बांधिली व मुलांच्या शिक्षणाची सोय केली. १७५८ साली त्यांनी दुसरा विवाह केला. ही पत्नी त्यांस मनाजोगी मिळाली होती. परंतु १७६५ साली मुलगा जन्मास आल्यावर थोड्याच दिवसांत ती वारली.

१७७३ साली हॉवर्डसाहेब बेडफर्ड परगण्याचे शेरीफ झाले. हे पद मानाचे असे. शेरिफाने मिरवावे, मेजवान्या द्याव्या, न्यायाधीश आले म्हणजे त्यांस सामोरे जावे, आणि तुरुंगाकडे तुरुंगाधिकाऱ्याने पाहावे, अशी वहिवाट पडली होती. हॉवर्डसाहेब स्वतः तुरुंग पाहावयास गेले. हा तोच बेडफर्डचा तुरुंग, ज्यात शंभर वर्षांपूर्वी जॉन बनियन हे उपदेश केल्याबद्दल १२ वर्षे कोंडलेले होते. आणि बनियन ज्या मंडळीचे पाळक होते, तिच्याच उपासनेस हॉवर्डसाहेब जात असत.

तेथे त्यांस जे दिसले, ते समजण्यास सुटका ह्या शब्दाकडे नीट पाहिले पाहिजे. न्यायालयाने एखाद्यास निर्दोष ठरविले म्हणजे तो सुटला, असे आपण म्हणतो. बेडफर्डात तसे नव्हते. निर्दोष ठरलेला मनुष्य न्यायालयातून पुन्हा तुरुंगातच नेला जाई. तुरुंगाधिकाऱ्यास सरकारी पगार नसे. कैद्यांकडून मिळणाऱ्या शुल्कावर त्याचे घर चाले. तेव्हा १५ शिलिंग ४ पेन्स त्यास आणि २ शिलिंग किल्ल्या सांभाळणाऱ्या शिपायास दिल्यावाचून कोणाचीही बेडी निघत नसे. त्या काळी इंग्लंडात शेतमजुरास आठवड्याचे सात-आठ शिलिंग मिळत. म्हणजे दोन आठवड्यांहून अधिक मजुरी एकरकमी मोजावयाची, आणि तीही महिनोगणती कोंडून ठेविलेल्या, कमाई बंद पडलेल्या मनुष्याने! ज्यांच्यावर फिर्यादी उभाच राहिला नाही, असेही लोक ह्या पैशांपायी आत अडकलेले होते. कागदावर ते सुटलेले, आणि भिंतीच्या आत ते कैदी.

तुरुंगाधिकाऱ्यास परगण्याच्या तिजोरीतून पगार द्यावा, म्हणजे हे शुल्क बंद होईल, अशी विनंती हॉवर्डसाहेबांनी तेथील न्यायाधिकाऱ्यांस केली. इतरत्र तसा पगार दिला जात असल्याचा दाखला आणा, असे त्यांनी सांगितले. ही आडकाठी होती हे कोणासही कळेल. पण हॉवर्डसाहेबांनी ती सरळ हुकूम समजून घेतली, आणि घोड्यावर बसून ते शेजारच्या परगण्यांत दाखला शोधीत निघाले. दाखला कोठेच मिळाला नाही. मिळाला तो एकाहून एक वाईट तुरुंग. ह्या प्रवासातूनच त्यांचे पुढील सर्व कार्य उत्पन्न झाले. न्यायाधिकाऱ्यांनी पहिल्याच दिवशी होकार दिला असता तर हा मनुष्य कदाचित कार्डिंग्टनासच राहिला असता, असे आमच्या मनात येते.

त्या तुरुंगांतील हवेविषयी त्यांनी जे लिहून ठेविले आहे, ते वाचताना अजूनही अंगावर काटा येतो. अंगावरील वस्त्रांस अशी दुर्गंधी लागे की, बंद गाडीत बसवत नसे. म्हणून ते घोड्यावरूनच जात. टिपणवहीची पाने शेगडीपुढे तास दोन तास पसरल्यावाचून ती वही हाती धरवत नसे. तुरुंगज्वराने जितके लोक मरत, तितके फाशीनेही मरत नाहीत, असे त्यांनी दाखवून दिले. हा ज्वर म्हणजे उवांच्या योगाने पसरणारा टायफस, हे ज्ञान पुष्कळ पुढचे. त्यांच्या काळी दोष कोंदट हवेस देत.

१७७४ च्या मार्च महिन्यात पार्लमेंटाने त्यांस बोलावून त्यांची साक्ष घेतली व आभार मानिले. हा मनुष्य कोणाच्या खर्चाने हिंडतो, असा प्रश्न एका सभासदाने केला, कारण स्वतःच्या पैशाने कोणी असे करील ही गोष्ट त्याच्या ध्यानात येईना. त्याच वर्षी दोन कायदे झाले. एकाने निर्दोष ठरलेल्यास भर न्यायालयात, शुल्क न घेता, सोडून देण्याचे ठरले. दुसऱ्याने भिंतींस वर्षातून एकदा चुना देणे, हवा खेळती ठेवणे, आजाऱ्यांस निराळी खोली देणे हे आवश्यक झाले. कायदा झाला म्हणजे तो पाळला जाईलच, असे मानणारे हॉवर्डसाहेब नव्हते. त्यांनी त्या कायद्यांच्या प्रती पदरच्या पैशाने छापून तुरुंगाधिकाऱ्यांकडे धाडिल्या, आणि मग पाळले जाते की नाही, हे पाहावयास पुन्हा फेरी काढिली.

१७७७ साली त्यांचे तुरुंगांच्या स्थितीवरील मोठे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात अलंकार नाहीत. कोणत्या तुरुंगात किती कैदी, भाकरी किती, पाणी आहे की नाही, खिडकी केवढी, ह्याची ओळीने नोंद आहे. इंग्लंड व वेल्स मिळून त्यांनी ४,०८४ कैदी मोजले. त्यांपैकी २,४३७ हे चोर किंवा खुनी नसून केवळ कर्ज न फेडू शकलेले लोक होते! तुरुंग म्हणजे गुन्हेगारांची जागा, ही सामान्य समजूत त्या एका आकड्याने खोटी ठरली.

त्या काळी इंग्लंडात तुरुंगावाचून आणखी एक प्रकारची जागा असे, तिला सुधारगृह म्हणत. आळशी, भटके व लहानसहान अपराध करणारे ह्यांस तेथे पाठवून कामाची सवय लावावयाची, अशी ती मूळ कल्पना दोनशे वर्षांपूर्वीची होती. हॉवर्डसाहेब एकामागून एक सुधारगृहात शिरले, तो बहुतेक ठिकाणी काम नाही, हत्यारे नाहीत, कच्चा माल नाही. कित्येक ठिकाणी अन्नाचाही शिधा नाही. नवखा पोरगा आत आला म्हणजे जुने कैदी त्याच्याकडे पैसे मागत, आणि नसले तर त्याच्या अंगावरची वस्त्रे उतरवून घेत. दिवसभर रिकामपणी बसून तो त्यांच्याकडून नवे अपराध शिके. घराचे नाव मात्र सुधारगृह! ह्याच्या उलट हॉलंड देशात व घेंट शहरात त्यांनी पाहिले की, कैद्यांस नेमाने काम दिले जाते आणि रात्री निरनिराळे ठेविले जाते. परदेशात चांगले दिसले तर त्याची वाखाणणी करण्यास, आणि वाईट दिसले तर तेही लिहिण्यास, त्यांनी कधी मागेपुढे पाहिले नाही. पॅरिसच्या बास्तील तुरुंगात त्यांस शिरू दिले नाही. त्या तुरुंगाविषयी गुप्तपणे छापलेले एक फ्रेंच पुस्तक त्यांनी खटपटीने मिळविले व इंग्रजीत आणिले.

आता त्या शब्दाकडे वळू, ज्याच्याशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे. अमेरिकेतील वसाहतींनी बंड केल्यामुळे तिकडे कैदी धाडणे बंद पडले, आणि त्यांचे काय करावे हा प्रश्न उभा राहिला. तेव्हा ब्लॅकस्टन व ईडन ह्या कायदेपंडितांनी हॉवर्डसाहेबांच्या माहितीच्या आधारे १७७९ साली एक कायदा सिद्ध केला. त्यात नव्या घरांस पेनिटेन्शरी असे नाव दिले. हा शब्द पश्चात्ताप ह्या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून निघाला असून तो मंडळीच्या व्यवहारातून घेतलेला होता. रात्री एकांत, दिवसा काम, स्वच्छता व धर्मोपदेश ह्यांनी मनुष्य आपल्या चुकीकडे पाहील, अशी ही कल्पना. हॉवर्डसाहेबांस देखरेखीवर नेमिले. परंतु जागा कोठे घ्यावी ह्यावर सोबत्यांत एकमत होईना, आणि १७८१ साली त्यांनी ते काम सोडिले. त्या कायद्याखाली ती घरे काही उठली नाहीत.

शब्द मात्र जगभर गेला. १८२९ साली अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे जे पश्चात्तापगृह उघडले, त्यात कैद्यास दिवसरात्र, वर्षानुवर्षे, एकटेच ठेवीत. पश्चात्ताप व्हावयाचा तो बाजूस राहून पुष्कळांची मने भ्रमिष्ट होतात, असा आक्षेप त्यावर आला. ह्याचा दोष हॉवर्डसाहेबांवर ठेवणे आम्हांस न्यायाचे वाटत नाही. संपूर्ण एकांत मनुष्यस्वभावास सोसवत नाही, त्याने वेड किंवा निराशा येण्याचे भय आहे, असा इशारा त्यांनी १७८९ च्या आपल्या पुस्तकातच देऊन ठेविला होता. तो इशारा कोणी वाचला नाही; नाव तेवढे उचलले.

आपल्या महाराष्ट्रातही तुरुंग खात्याचे नाव आता कारागृह व सुधारसेवा असे आहे, आणि कैदी न म्हणता बंदी म्हणण्याचा प्रघात पडत आहे. हे चांगले आहे. परंतु खटला निकालात निघावयाचा आहे अशा मनुष्यास लोक कच्चा कैदी म्हणतात, आणि २०२२ च्या अखेरीस भारतातील ५,७३,२२० बंद्यांपैकी ४,३४,३०२ हे असे कच्चेच होते. जामिनाचा हुकूम होऊनही पैशावाचून अडकलेल्या गरिबांसाठी भारत सरकारने २०२३ साली साहाय्याची एक योजना काढिली आहे. आपल्या वस्तीतील कोणी असा अडकला असेल तर त्याच्या घरच्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. तेथे वकिलाची मदत विनामूल्य मिळते, हे उपदेशकांनी त्यांस सांगावे.

हॉवर्डसाहेबांच्या घरची गोष्ट दुःखाची आहे. मुलगा वाईट संगतीस लागला व पुढे त्यास वेड लागले. बाप कठोर होता, असे कोणी म्हणतात; बाप घरी नव्हता, हे तर निश्चित आहे. तुरुंगांच्या वाटेवर त्यांनी सुमारे ४२,००० मैल प्रवास केला व सुमारे ३०,००० पौंड खर्चिले. साथीच्या संशयाने जहाजांस जेथे अडकवून ठेवीत, त्या जागा आतून कळाव्या म्हणून ते मुद्दाम साथीच्या बंदरातून निघालेल्या जहाजात बसले, आणि व्हेनिस शहरी सुमारे ४० दिवस स्वतः कोंडून राहिले.

१७८९ साली ते शेवटच्या प्रवासास निघाले आणि रशियातील लष्करी इस्पितळे पाहत काळ्या समुद्राजवळील खेर्सोन शहरी पोहोचले. तेथे तापाने आजारी असलेल्या एका तरुण बाईस पाहावयास ते गेले, आणि तोच ताप त्यांस जडला. १७९० च्या जानेवारीच्या २० तारखेस ते मरण पावले. आपला पुतळा उभारू नये, अशी त्यांची नेहमीची इच्छा असे. तरी लंडनच्या सेंट पॉल मंदिरात पहिला पुतळा बसविण्यात आला तो त्यांचाच. त्यांनी स्वतः मागितले होते ते इतकेच, की गाजावाजा न करता मातीत ठेवावे, वर एक सूर्यघटिका बसवावी, आणि आपणास विसरून जावे.