डॉ. प्रफुल्लकुमार सेन

मूत्रपिंड बदलण्याचे ऑपरेशन आता आपल्या जवळच्या इंदूरलाही होते. भारतात मात्र त्याची सुरुवात मुंबईच्या केईएम रुग्णालयात झाली. तिथल्या ज्या शल्यविशारदांनी असे धाडस करण्याची हिंमत सर्वांना दिली, त्या डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांचे चरित्र आम्ही या अंकासाठी निवडले आहे.

सेन यांचा जन्म १९१५ चा, कोलकात्याचा. पण कर्मभूमी परळ. त्यांच्या प्रयोगशाळेत कुत्र्यांवर हृदयरोपणाचे प्रयोग वर्षानुवर्षे चालले. मे १९६५ मध्ये केईएममध्ये मृत व्यक्तीचे मूत्रपिंड एका रुग्णाला बसवले गेले. रुग्ण वाचला नाही.

अशा ऑपरेशनमध्ये धमनी, शीर आणि मूत्रवाहिनी जोडतात. मूत्रपिंडाकडे येणारे मज्जातंतू तुटलेले असतात, ते जोडत नाहीत. इतके बारीक धागे जोडणार कसे? तरीही लघवी तयार होते. रक्ताचा दाब आणि रक्तातून येणारी संप्रेरके एवढ्यावर मूत्रपिंडाचे काम चालते. मज्जातंतू रक्तवाहिन्या आकुंचित करतात, मीठ किती राखायचे यावर अंकुश ठेवतात. पण त्यांच्यावाचून काम अडत नाही.

हृदयाचेही तसेच. त्याचा ठोका त्याच्या आतच सुरू होतो. सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये भारतातले पहिले हृदयरोपण केले. डॉ. बर्नार्ड यांच्या केपटाऊनच्या ऑपरेशनला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते! नवे हृदय सुरू झाले, पण रुग्ण काही तासांतच गेला. त्याच वर्षीचा दुसरा रुग्णही वाचला नाही. मेंदू मृत झालेल्या माणसाला मृत मानणारा कायदा तेव्हा आपल्याकडे नव्हता, हे लक्षात घेतले म्हणजे सेन यांनी केवढी जोखीम अंगावर घेतली ते कळते. आमच्या मते हे अपयश अनेकांच्या यशापेक्षा मोठे आहे. १९६९ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

पुढे १९७० मध्ये गझदर आणि डॅमिन या संशोधकांनी दाखवले, की बसवलेल्या मूत्रपिंडात जुने मज्जातंतू झिजतात आणि काही काळाने नवे हळूहळू आत वाढू लागतात. ते पूर्वीइतके काम करतात का, याचा शोध अजून चालू आहे. आपल्यापैकी कोणी घेईल काय?

सेन १९८२ मध्ये वारले. मेंदूमृत्यूला मान्यता देणारा कायदा १९९४ मध्ये संमत झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी केलेले हृदयरोपण यशस्वी झाले.