जॉर्ज ईस्टमन: बँकेतल्या कारकुनाला फोटोचं वेड लागलं तेव्हा

आज फोटोग्राफीचा छंद लागायला काय लागतं? मोबाईल खिशात असतोच. संध्याकाळी चांगला उजेड दिसला, दोन-चार फोटो काढले, बरे आले, की लागला छंद. मलाही तो असाच लागला. म्हणूनच जॉर्ज ईस्टमनची गोष्ट वाचताना मला हसूही आलं आणि थोडी लाजही वाटली.

कोडॅक कंपनीचा हा संस्थापक 12 जुलै 1854 रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटरव्हिल गावी जन्मला. कुटुंब पुढे रॉचेस्टर शहरात आलं. 1862 मध्ये वडील गेले, आई घरात भाडेकरू ठेवून संसार ओढू लागली. चौदाव्या वर्षी शाळा सोडून जॉर्ज एका विमा कचेरीत आठवड्याला 3 डॉलरवर निरोप्याचं काम करू लागला आणि 1874 मध्ये बँकेत कारकून झाला. म्हणजे तोपर्यंत फोटोंचा आणि त्याचा काही संबंध नव्हता.

संबंध आला तो एका न झालेल्या सहलीमुळे. कॅरिबियन समुद्रातल्या सांतो दोमिंगोला जायचं त्याच्या मनात होतं. बँकेतल्या एका सहकाऱ्यानं सुचवलं, जातोयस तर फोटो काढून आण. 1877 मध्ये त्यानं जवळपास 50 डॉलर खर्चून सगळं सामान घेतलं, शिकवणीही लावली. सहल काही झाली नाही, पण सामान घरात होतं!

आता हे सामान म्हणजे काय ते बघा. आजच्या मायक्रोवेव्हएवढा कॅमेरा, त्याला पेलणारा जड ट्रायपॉड, काचेच्या प्लेटा, रसायनांच्या बाटल्या, पाण्याचं भांडं आणि चक्क एक तंबू. तंबू कशाला? कारण तेव्हाची पद्धत होती ओल्या प्लेटची. काचेवर कलोडियन नावाचा चिकट द्रव ओतायचा, मग अंधारात ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची. त्यानं तिच्यावर प्रकाशाला संवेदनशील थर तयार व्हायचा. पण ही संवेदनशीलता थर ओला असेपर्यंतच. म्हणून ओली प्लेट कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा आणि ती वाळायच्या आत तंबूत पळत जाऊन डेव्हलप करायची. सगळा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा. एका प्रवासात सिल्व्हर नायट्रेट ट्रंकेत सांडलं आणि जॉर्जचे कपडे डागाळले. हे डाग धुऊन जात नाहीत, काळे पडतात.

दुसरा कोणी असता तर त्यानं कॅमेरा माळ्यावर टाकला असता. या माणसाला मात्र त्या ओझ्यानंच पछाडलं. इंग्लंडमधल्या फोटोग्राफीच्या नियतकालिकात त्यानं वाचलं की तिकडे काही जण जिलेटिनच्या कोरड्या प्लेटा बनवताहेत. जिलेटिनमध्ये सिल्व्हर ब्रोमाइडचे कण मिसळून ते काचेवर वाळवायचं. अशी प्लेट आधी करून ठेवता येते, फोटो काढून नंतर निवांत डेव्हलप करता येते. तंबू गेला, बाटल्या गेल्या!

दिवसा बँक आणि रात्री आईचं स्वयंपाकघर, असा त्याचा क्रम सुरू झाला. मिश्रणं उकळायची, गाळायची, काचेवर पसरायची. कित्येकदा तो चुलीजवळच घोंगडी पांघरून झोपायचा. आईला काय वाटत असेल कोण जाणे. प्लेटांवर सारखा थर देणारं यंत्र त्यानं बनवलं, 1880 मध्ये एका इमारतीचा मजला भाड्यानं घेतला आणि विक्री सुरू केली. पैसे आले ते हेन्री स्ट्राँगकडून. हा बग्गीचे चाबूक बनवणारा व्यावसायिक आईकडेच भाडेकरू म्हणून राहिलेला. 1 जानेवारी 1881 रोजी कंपनी उभी राहिली, त्याच वर्षी जॉर्जनं बँक सोडली.

आणि 1882 मध्ये सगळं बुडायची वेळ आली. प्लेटांवर चित्रच नीट उमटेना. त्यानं विकलेल्या प्लेटा परत घेऊन बदलून दिल्या. शेकडो प्रयोग केले, शेवटी इंग्लंड गाठलं. दोष निघाला जिलेटिनमध्ये! पण एक जिलेटिन चालतं आणि दुसरं का नाही, हे कोडं तेव्हा सुटलं नाही. ते सुटलं 1920 च्या दशकात, त्याच्याच कंपनीच्या प्रयोगशाळेत. सॅम्युअल शेपर्ड या शास्त्रज्ञानं दाखवलं की जिलेटिनमधला अगदी किंचित गंधकयुक्त अंश फिल्मची संवेदनशीलता वाढवतो. मोहरीला झणका देणारं द्रव्य याच जातीचं. जिलेटिन बनतं जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून, म्हणजे गाईनं चरताना काय खाल्लं याचा परिणाम फोटोवर होत होता. मला तर या सगळ्या चरित्रात ही गोष्ट सगळ्यात भारी वाटते.

पुढचं बऱ्याच जणांना माहीत असतं. 1888 चा पहिला कोडॅक 25 डॉलरचा, आत 100 फोटोंचा रोल. दोरी ओढायची, बटण दाबायचं, किल्ली फिरवायची. रोल संपला की अख्खा कॅमेरा रॉचेस्टरला पाठवायचा आणि 10 डॉलर भरायचे, फोटो आणि नवा रोल भरलेला कॅमेरा परत यायचा. फोटो अडीच इंचाचे आणि गोल, कारण त्या भिंगातून कडेचं चित्र अस्पष्ट यायचं, ते कापलेलंच बरं. कोडॅक या शब्दाला अर्थ नाही. त्याला 'के' अक्षर आवडायचं म्हणून तो बनवला. 1900 मध्ये ब्राउनी कॅमेरा आला, फक्त 1 डॉलरला.

सगळंच चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. सेल्युलॉइड फिल्मच्या पेटंटचा अर्ज हॅनिबल गुडविन या पाद्र्यानं 1887 मध्येच केला होता. तो खटला गुडविनच्या मृत्यूनंतर 1914 मध्ये मिटला, कोडॅकला 50 लाख डॉलर मोजावे लागले.

मला राहून राहून एकच गंमत वाटते. ज्या रसायनांच्या खटाटोपानं या कारकुनाला रात्र-रात्र जागवलं, नेमका तोच भाग त्यानं इतरांच्या छंदातून काढून टाकला. आपल्याला बटण मिळालं, चूल त्याच्याकडेच राहिली. म्हातारपणी शिकारीला आणि कॅम्पवर गेला तरी तिथे हौसेनं स्वतः स्वयंपाक करायचा.

पाठीच्या कण्याच्या असह्य दुखण्यानंतर 14 मार्च 1932 रोजी त्यानं स्वतःच आयुष्य संपवलं. रॉचेस्टरमधल्या त्याच्या घरी आता फोटोग्राफीचं संग्रहालय आहे. तिथे जुन्या पद्धतींच्या कार्यशाळा होतात. हौशी लोक फी भरून येतात आणि काचेवर कलोडियन ओतून, ती वाळायच्या आत फोटो काढायला शिकतात.