काचपट्टीवर रोग वाचणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर



लेकराच्या पोटातली गाठ काढली, की ती तपासायला पाठवतात. आपल्या खामगावकडची माणसं त्यासाठी अकोला, नागपूर, कधी थेट मुंबई गाठतात. रिपोर्ट येईपर्यंत आईबापाच्या घशाखाली घास उतरत नाही. पण तो रिपोर्ट लिहिणारा डॉक्टर, म्हणजे पॅथॉलॉजिस्ट, आपल्याला कधी दिसतच नाही. भारतात हे शास्त्र ज्यांनी उभं केलं, त्यांत डॉ. खानोलकर अगदी पुढचे.

त्यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ चा, क्वेट्टा इथला. लंडन विद्यापीठाची एम.डी. घेऊन ते मुंबईत आले आणि वैद्यकीय महाविद्यालयात शिकवू लागले. म्हणजे आपल्यासारखे शिक्षकच की! १९४१ मध्ये टाटा हॉस्पिटल सुरू झालं, तेव्हा तिथल्या प्रयोगशाळांचा भार त्यांच्याकडे आला.

मला त्यांचं सगळ्यात आवडतं ते हे, की पेशी बघताना ते माणसाची सवयही बघत. खालच्या ओठात खैनी धरणाऱ्याला तिथेच कॅन्सर. चुट्ट्याचं जळतं टोक तोंडात धरून ओढणाऱ्याला टाळूचा. धोतर जिथे घट्ट आवळतात तिथल्या कातडीचासुद्धा! १९४५ मध्ये त्यांनी हे जगापुढे मांडलं.

मुलांच्या किडनीच्या कॅन्सरमध्ये, म्हणजे विल्म्स ट्यूमरमध्ये, आजही हीच नजर लागते. हा आजार बहुधा पाच वर्षांच्या आतल्या मुलांना होतो. पेशींची ठेवण बघून गाठ उपचाराला दाद देणारी की हट्टी, हे ठरवतात. आता संशोधक त्याच काचपट्टीवर आणखी एक गोष्ट मोजतात: शरीराच्या रोगप्रतिकारक पेशी गाठीत किती शिरल्या आणि कोणत्या. त्यावरून आजार पुढे कसा जाईल याचा अंदाज बांधायचा प्रयत्न आहे. उपचार मात्र अजून त्या मोजणीवर ठरत नाहीत. वेळेत सापडलं तर बहुतेक मुलं बरी होतात बरं का. आंघोळ घालताना पोट एका बाजूला टणक लागलं, तर दाबून दाबून बघू नका, लगेच दवाखान्यात न्या.

१९५२ मध्ये मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्र निघालं, त्याचे पहिले संचालक खानोलकरच. पुण्याच्या कमल रणदिवे यांनी त्यांच्याच हाताखाली पीएच.डी. केली. पुढे ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. १९७८ मध्ये ते गेले. त्यांचं केंद्र पुढे टाटा हॉस्पिटलसोबत एकत्र आलं आणि आज नवी मुंबईत खारघरला त्याचं काम चालू आहे.