चिखल, डिंक आणि डॉ. भटनागर

रावळपिंडीच्या बाजूला अ‍ॅटॉक ऑइल कंपनीचे खोदकाम चिखलामुळे अडले होते. तेलविहीर खोदताना पाइपातून पातळ चिखल आत सोडतात. तो दगडाचा चुरा वर आणतो, खोदणारे हत्यार थंड ठेवतो. पण जमिनीतले खारे पाणी लागताच हा चिखल घट्ट होई आणि पुढे दगडासारखा. प्रश्न इंजिनिअरांचा वाटला, तरी तो सोडवला लाहोरच्या पंजाब विद्यापीठातील रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाने.

शांतिस्वरूप भटनागर यांचा जन्म १८९४ चा, पंजाबातल्या भेरा गावचा. ते आठ महिन्यांचे असताना वडील गेले. आईचे वडील इंजिनिअर होते, त्यांच्याकडे ते वाढले. १९२१ मध्ये लंडनहून डी.एस्सी. झाले. तेल-पाण्याचे मिश्रण हा त्यांचा अभ्यासविषय. दोन पदार्थांच्या सीमेवर काय घडते, हे त्यांना ठाऊक होते. मातीच्या कणांवर विद्युतभार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर ठेवतात. मीठ तो भार मारते आणि कण गोळा होतात. भटनागरांनी चिखलात डिंक मिसळला. डिंकाचे रेणू कणांना चिकटले, तसा मिठाचा जोर चालेना. उपाय इतका साधा, की तोवर कुणाला सुचला नाही याचेच नवल वाटावे!

असे पृष्ठभागावर चिकटणे म्हणजे अधिशोषण. स्पंज पाणी आत घेतो, ते वेगळे. विषबाधेच्या काही रुग्णांना कोळशाची पूड देतात, तीही याच गुणामुळे.

कंपनीने दीड लाख रुपये देऊ केले. त्या काळी ही मोठीच रक्कम. भटनागरांनी ती स्वतः न घेता विद्यापीठातील पेट्रोलियम संशोधनाकडे वळवली. त्यातून रॉकेलची ज्योत वाढवणे, मेणाचा वास घालवणे असे घरगुती उपयोगाचे कामही झाले.

१९४२ मध्ये वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद, म्हणजे सीएसआयआर, स्थापन झाली; तिची उभारणी त्यांनी केली. १९४५ मध्ये भारतीय विज्ञान काँग्रेसचे अधिवेशन नागपुरात भरले, तेव्हा अध्यक्ष तेच होते. पुढच्याच वर्षी पत्नी लाजवंती गेल्या. भटनागर उर्दूत कविता करत. त्यांच्या काव्यसंग्रहाचे नाव ‘लाजवंती’च. १ जानेवारी १९५५ रोजी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. तीन वर्षांनी नागपुरात सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधन संस्था निघाली, तीच आजची नीरी. तीही सीएसआयआरचीच.

याच परिषदेच्या हैदराबादच्या भूभौतिकी संस्थेत मातीवरून तेलाचा माग काढतात. खोलवरच्या साठ्यातून मिथेन, इथेन, प्रोपेन असे हलके वायू सूक्ष्म भेगांतून वर झिरपतात आणि वरच्या मातीच्या कणांना चिकटून राहतात. नमुन्यावर आम्ल टाकून ते सोडवायचे आणि मोजायचे. एकटा मिथेन फसवतो, कारण दलदलीतले जंतूही तो तयार करतात. इथेन, प्रोपेन सोबत असले तर मात्र तिथे खोदायचा विचार करता येतो.