ढाकेचा मल्ल : खाशाबा जाधव

आखाड्यात उतरलेल्या लहान चणीच्या मल्लाकडे पाहून प्रेक्षकाचे लक्ष सहसा दंडांकडे आणि छातीकडे जाते. जाणता वस्ताद मात्र कंबर पाहतो. ती कोणत्या क्षणी वळते आणि किती खाली उतरते, यावर कुस्तीचा निकाल पुष्कळदा अवलंबून असतो. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळातील पहिले ऑलिंपिक पदक मिळवून देणारे खाशाबा दादासाहेब जाधव हे असे कमरेचे मल्ल होते. ढाक हा त्यांचा हुकमी डाव.

सातारा जिल्ह्यातील कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर या खेड्यात १५ जानेवारी १९२६ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः मल्ल होते. पाच भावांत खाशाबा सर्वांत धाकटे. घरात शेती होती, कुस्ती होती, पैसा बेताचा होता. वयाच्या आठव्या वर्षी त्यांनी परिसरातील एका नावाजलेल्या मल्लाला दोन मिनिटांत आस्मान दाखविले, अशी आठवण गावात सांगितली जाते. पुढे कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात शिकत असताना देशात 'चले जाव'ची लाट उसळली. भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देणे, पत्रके पोहोचविणे अशी कामे त्यांनी केली. अभ्यास आणि तालीम या दोन्ही गोष्टी त्यातूनच चालू राहिल्या. बाबूराव बलवडे आणि बेलापुरी गुरुजी यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांची कुस्ती घडली. शाळा संपल्यावर ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. मल्लविद्येच्या त्या राजधानीत त्यांच्या खेळाला धार आली.

ढाक म्हणजे काय, हे एकदा नीट पाहिले पाहिजे. मल्ल प्रतिस्पर्ध्याच्या मानेला आणि दंडाला विळखा घालतो. त्याच क्षणी पाऊल आत टाकून तो पाठ फिरवितो आणि आपली कंबर समोरच्याच्या पोटाखाली सरकवितो. गुडघे किंचित वाकलेले असतात. मग कंबर झटक्यात वळते, आणि समोरचा मल्ल तिच्यावरून घोंगडीसारखा उलटा फेकला जातो. पाहणाऱ्याला हे काम हातांचे वाटते. हात मात्र केवळ दिशा देतात. जोर येतो तो जमिनीत रुतलेल्या पावलांतून. मांड्यांतून वर चढत तो कमरेत गोळा होतो आणि तिथून सुटतो. कमरेचे हे वळण क्षणभर लवकर झाले तर पाठ उघडी पडते, उशीर झाला तर प्रतिस्पर्धी पाय रोवतो. नुसत्या दंडाच्या बळावर ढाक मारू पाहणारा मल्ल बहुधा स्वतःच खाली येतो.

गोल्फच्या मैदानावर चेंडू टोलविणाऱ्यालाही हीच शिकवण मिळते. काठी वरून खाली आणताना आधी कंबर वळली पाहिजे, खांदे आणि हात तिच्या मागून आले पाहिजेत. हातांनी घाई केली की टोला फुकट जातो. आपल्या तालमींतील वस्तादांनी गोल्फचे नावही ऐकले नसेल, पण शेकडो बैठका आणि सपाट्या ते शिष्यांकडून कशासाठी काढून घेत, याचे उत्तर या एका वळणात आहे. खाशाबा दररोज हजार बैठका आणि तीनशे जोर काढीत, असे सांगितले जाते. वजनाने हलक्या असलेल्या या मल्लाची सारी पुंजी मांड्या, कंबर आणि वेळ साधण्याची नजर हीच होती.

१९४८ साली लंडन ऑलिंपिकसाठी त्यांची निवड झाली. कोल्हापूरच्या महाराजांनी खर्चाचा भार उचलला. लंडनमध्ये एक निराळेच संकट त्यांच्यापुढे उभे राहिले. त्यांची सारी कुस्ती लाल मातीतली, आणि इथे मॅट होती. मातीत पाऊल रुतते, मॅटवर ते सरकते. मातीत पाठ टेकली की कुस्ती संपली, मध्ये किती वेळ गेला याचा हिशेब फारसा कोणी ठेवीत नसे. मॅटवर घड्याळ होते, गुण होते आणि पंचांचे मत होते. ज्या पावलावर ढाकेचे वळण उभे राहते, ते पाऊलच नव्या जमिनीवर परके झाले होते. अमेरिकेचे माजी विजेते रीस गार्डनर यांनी त्यांना मॅटचे धडे दिले. त्या तुटपुंज्या तयारीवर खाशाबांनी फ्लायवेट गटात ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिस यांना काही मिनिटांत हरविले, अमेरिकेच्या बिली जर्निगन यांनाही नमविले. इराणच्या मन्सूर रईसी यांच्यापुढे मात्र त्यांचे चालले नाही. सहावा क्रमांक मिळाला.

पुढची चार वर्षे त्यांनी या एका क्रमांकाच्या चुटपुटीवर काढली. हेलसिंकीसाठी ते बँटमवेट, म्हणजे ५७ किलो गटात गेले. निवडीच्या वेळी अन्याय झाल्याची त्यांची तक्रार होती. पतियाळाच्या महाराजांनी लक्ष घातल्यावर फेरकुस्ती झाली आणि ती त्यांनी निर्विवाद जिंकली. प्रश्न उरला पैशांचा. सरकारदरबारी केलेल्या विनंत्यांना पुरेसे यश आले नाही. गोळेश्वरच्या आणि आसपासच्या लोकांनी वर्गणी काढली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी राहते घर गहाण टाकणारे प्राचार्य त्या काळातही विरळच असावेत.

जुलै १९५२ मध्ये हेलसिंकीच्या मॅटवर खाशाबांनी कॅनडाचे पोलिकँ, मेक्सिकोचे बासुर्तो आणि जर्मनीचे श्मिट्झ यांना पाठोपाठ हरविले. पुढे गाठ पडली ती जपानच्या शोहाची इशी यांच्याशी. इशी मूळचे ज्यूदोपटू. युद्धानंतर अमेरिकी अमलात ज्यूदोवर बंधने आली, तेव्हा ते कुस्तीकडे वळले होते. ज्यूदोमध्ये कमरेवरून फेकण्याच्या डावांचा एक स्वतंत्र वर्गच आहे. म्हणजे ढाक मारणाऱ्यासमोर उभा होता तो कमरेचे मर्म तितकेच जाणणारा प्रतिस्पर्धी. तेथे खाशाबांचा हुकमी डाव सहजी लागणार नव्हता. लढत दीर्घ चालली आणि इशी गुणांवर सरस ठरले. सोव्हिएत संघाच्या रशीद ममेदबेकोव्ह यांच्याविरुद्धची लढत लगोलग खेळावी लागली, नियमानुसार विश्रांती मागायला भारतीय पथकाचा एकही अधिकारी तेथे हजर नव्हता, असे या सामन्यांविषयी सांगितले जाते. थकलेल्या मांड्यांवर कंबर वळत नाही. तीही लढत हातची गेली. इशींना सुवर्ण, ममेदबेकोव्ह यांना रौप्य आणि खाशाबांना कांस्य मिळाले.

परतल्यावर कऱ्हाड स्थानकापासून गोळेश्वरपर्यंत शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. एरवी काही मिनिटांचे ते अंतर कापायला त्या दिवशी कित्येक तास लागले. मिरवणुकीचा गुलाल उतरताच खाशाबा पुन्हा आखाड्यात उतरले. कारण खर्डेकरांचे घर सोडवायचे होते. कुस्त्यांचे फड जिंकून मिळालेल्या पैशांतून त्यांनी ते कर्ज फेडले. पदकापेक्षा ही परतफेड त्यांच्या स्वभावाविषयी अधिक सांगते.

१९५५ साली ते मुंबई पोलीस दलात उपनिरीक्षक झाले. गुडघ्याच्या दुखापतीने १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकची वाट बंद केली. पाऊल, गुडघा आणि कंबर या साखळीवर ज्याची विद्या उभी, त्याला ही दुखापत किती महाग पडली असेल, हे मल्लांना वेगळे सांगायला नको. पोलीस दलात त्यांनी कुस्तीच्या स्पर्धा जिंकल्या, पुढे इतरांना शिकविले. सत्तावीस वर्षांच्या सेवेनंतर सहायक आयुक्त म्हणून ते निवृत्त झाले, तरी निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावे लागले. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांच्या वेळी मशाल वाहणाऱ्यांत त्यांचा समावेश झाला, एवढाच काय तो त्या काळातील मान. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले.

वैयक्तिक खेळातील पुढचे ऑलिंपिक पदक भारताला मिळाले ते अटलांटात १९९६ साली, टेनिसपटू लिएंडर पेस यांच्या रूपाने. मध्ये चव्वेचाळीस वर्षे गेली होती. अर्जुन पुरस्कार खाशाबांना मरणोत्तर मिळाला. पद्म सन्मान त्यांच्या हयातीत मिळालाच नाही. २०१० साली दिल्लीतील इंदिरा गांधी क्रीडा संकुलातल्या कुस्तीच्या सभागृहाला त्यांचे नाव देण्यात आले. गोळेश्वरात त्यांच्या घराचे नाव 'ऑलिंपिक निवास' असे आहे.