‘आपला क्रूस वाहणे’ म्हणजे नेमके काय? वसईच्या संत गोन्सालो गार्सिया यांच्या आयुष्यातून समजून घ्या

घरातले आजारपण, डोक्यावरचे कर्ज, नोकरीतली रोजची कटकट. अशा न टळणाऱ्या त्रासाबद्दल बोलताना ‘आपला क्रूस आपणच वाहायचा’ असे म्हटले जाते. हा वाक्प्रचार बायबलमधला आहे, पण तिथे त्याचा अर्थ थोडा वेगळा आहे.

रोमन साम्राज्यात मृत्युदंड झालेल्या माणसाला क्रूसाचे आडवे लाकूड स्वतःच्याच खांद्यावरून वधाच्या जागेपर्यंत न्यावे लागे. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या १६व्या अध्यायात येशू शिष्यांना सांगतो, की ज्याला माझ्यामागे यायचे आहे त्याने आपला क्रूस उचलून यावे. म्हणजे मुद्दा ‘ज्याला यायचे आहे’ हा आहे. हे ओझे नशिबाने लादलेले नाही, ते माणूस स्वतः निवडतो. रोजच्या बोलण्यात नेमकी ही निवडच गळून पडली.

‘क्रूस’ हा शब्द पोर्तुगीज ‘क्रुझ’वरून आला. प्रोटेस्टंटांच्या मराठी बायबलमध्ये ‘वधस्तंभ’ आहे. अर्थाने चोख, पण वाक्प्रचारात तो काही रुळला नाही.

मूळ अर्थ समजून घ्यायचा तर वसईच्याच एका माणसाकडे पाहता येते. गोन्सालो गार्सिया यांचा जन्म १५५७च्या सुमारास पोर्तुगीज अमलाखालच्या वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. शिक्षण जेझुइट धर्मगुरूंकडे. वयाच्या साधारण पंधराव्या वर्षी ते त्यांच्याबरोबर जपानला गेले, जपानी भाषा शिकले आणि अनेक वर्षे धर्मशिक्षणाचे काम केले. जेझुइट संघात मात्र त्यांना प्रवेश मिळाला नाही. मग ते व्यापारात उतरले आणि तिथे त्यांचा चांगला जम बसला.

गोष्ट इथेच संपू शकली असती. पण पैसा मिळत असताना त्यांनी व्यापार सोडला आणि मनिलात फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाले.

तोवर जपानचे चित्र पालटले होते. सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी यांनी १५८७ मध्येच मिशनऱ्यांना देश सोडण्याचा हुकूम काढला होता. तरीही १५९३ मध्ये फिलिपिन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरच्या वतीने फादर पेद्रो बाप्तिस्ता हिदेयोशींकडे गेले, तेव्हा दुभाषी म्हणून गोन्सालो सोबत होते. धोका त्यांना इतरांपेक्षा जास्त कळत असणार, कारण ते त्या देशात वाढले होते. शिष्टमंडळाला राहण्याची परवानगी मिळाली. क्योटोत चर्च उभे राहिले आणि कुष्ठरोग्यांची सेवा सुरू झाली.

१५९६ मध्ये ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यावर फुटले. त्यातला माल जप्त झाला आणि मिशनऱ्यांच्या मागून स्पेनचे सैन्य येईल, हा संशय बळावला. डिसेंबरात धरपकड झाली. कैद्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून धिंड काढण्यात आली आणि ऐन हिवाळ्यात त्यांना क्योटोहून नागासाकीला नेण्यात आले. अंतर सुमारे ८०० किलोमीटर, वाट जवळपास महिनाभराची. निघताना २४ जण होते, वाटेत आणखी दोघांची भर पडली. बहुतेक जपानी होते. सर्वांत लहान मुलगा १२ वर्षांचा होता.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर २६ जणांना क्रूसावर बांधून भाल्यांनी ठार करण्यात आले. गंमत अशी, की खांद्यावरून लाकूड वाहण्याची वेळ गोन्सालो यांच्यावर आलीच नाही. क्रूस टेकडीवर तयारच होते.

१८६२ मध्ये पोप पायस नववे यांनी या २६ जणांना संतपद दिले. भारतात जन्मलेले पहिले संत म्हणून गोन्सालो ओळखले जातात. वसईत गास येथे त्यांच्या नावाचे चर्च आहे, शहरात महाविद्यालय आहे. निशिझाकावर १९६२ मध्ये स्मारक उभे राहिले. तिथे एका ओळीत उभ्या असलेल्या २६ ब्राँझच्या आकृत्यांत एक आकृती वसईच्या या दुभाष्याची आहे.