दारी आलेला देव

रत्नागिरी जिल्ह्यातील मुरुड या समुद्रकाठच्या गावी धोंडो केशव कर्वे यांचे बालपण गेले. पुढे ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले.

त्या काळी विधवेचे दर्शनही लोक अशुभ मानीत. पंडिता रमाबाईंना मात्र तिच्यात देव दिसला. दीनांची सेवा हीच आपली सेवा होय, ही येशू ख्रिस्ताची शिकवण मनी धरून त्यांनी १८८९ साली मुंबईस शारदा सदन काढले. तेथील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. १८९३ साली कर्व्यांनी तिच्याशी विवाह केला. हे दांपत्य मुरुडास गेले, तेव्हा गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला.

आपल्याच गावाची दारे मिटलेली पाहून कर्वे खचले नाहीत. निराधार स्त्रियांसाठी त्यांनी दार उघडले. १९०० साली पुण्याजवळ हिंगणे येथे माळावरील एका झोपडीत त्यांचा आश्रम सुरू झाला. दिवसा महाविद्यालयात शिकवावे आणि मग चिखल तुडवीत आश्रमाची वाट धरावी, असा त्यांचा क्रम होता. त्या झोपडीतूनच पुढे १९१६ साली महिला विद्यापीठ उभे राहिले. १९५८ साली शंभराव्या वर्षी त्यांना भारतरत्न हा किताब मिळाला. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी ते निवर्तले. ज्यांना पाहून लोक तोंड फिरवीत, त्यांना या थोर पुरुषाने आयुष्यभर आदराने सामोरे जाऊन घरात घेतले.